बाईच्या हातात राहील असं औषध

सुरुवात खोकल्याने झाली. नगरजवळच्या नागापूरला एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत आमची भाड्याची एक खोली होती. दारातच मशीन टाकून मी ब्लाऊज आणि परकर शिवत होते. कापडाची धूळ छातीत जात असेल असं समजून मी तोंडाला ओढणी बांधून शिवायला लागले. मग संध्याकाळचा ताप यायला लागला. साडीला निऱ्या जास्त पडायला लागल्या. शेजारणी म्हणायच्या, "सुरेखा, डाएट करतीस व्हय?" आणि मी हसून सोडून द्यायचे.

माझं माहेर पुणतांब्याचं, सासर पारनेर तालुक्यातलं. नवरा विलास नागापूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. मुलगी प्राची तेव्हा दुसरीत.

सरकारी दवाखान्यात बेडका तपासला आणि टीबी निघाला. टीबी ऐकून मी फारशी घाबरले नाही. माझ्या मामाला झाला होता, तो बरा होऊन अजून शेती करतो. डॉक्टर म्हणाले, "टीबीच्या प्रत्येक पेशंटची आम्ही एचआयव्हीची पण तपासणी करतो. खाली जाऊन रक्त देऊन या." मी गेले, बोट टोचून रक्त दिलं आणि बाहेर बाकावर बसून प्राचीच्या गणवेशाच्या खालच्या दुमडीचा विचार करत राहिले.

आत बोलावलं तेव्हा समुपदेशक निर्मला मॅडम होत्या. पन्नाशीच्या, बारीक, आवाज शांत. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "सोबत कुणी आलंय का?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी सरळ सांगितलं. "सुरेखा, तुझा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे."

मी म्हणाले, "नाव परत बघा."

त्यांनी नाव दाखवलं. माझंच होतं. टेबलावर निरोध कसा वापरायचा हे शिकवायचा एक लाकडी नमुना ठेवलेला होता. मॅडमनी तो हळूच खणात सरकवला, मला अवघड वाटू नये म्हणून. त्या पुढचं सगळं समजावून सांगत होत्या, गोळ्या रोज घ्यायच्या, आता माणूस या आजारात वर्षानुवर्षं चांगला जगतो, आणि मी त्या बंद खणाकडे बघत होते. कारण तो धडा मला आधीच शिकवून झाला होता.

वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत आरोग्य खात्याच्या आशाताईंनी एकदा निरोधची पाकिटं वाटली होती. बाकीच्या बायका पदराआड हसत होत्या. मी मात्र दोन पाकिटं घरी नेली. विलास मध्येच चार-चार दिवस कामासाठी म्हणून पुण्याला जायचा, आल्यावर गप्प असायचा, आणि माझ्या मनात काहीतरी होतं. मी पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उचलून मोरीत टाकलं. "माझ्यावर संशय घेतीस? का तुलाच कुनाची सवय लागली?" एवढं बोलून तो कुशीवर वळला. मी परत कधी तो विषय काढला नाही. एका खोलीचं घर, मुलगी शेजारी झोपलेली, भांडायचं तरी कसं आणि नाही म्हणायचं तरी कसं.

त्यामुळे बायकांना माहिती नसते म्हणून त्यांना हा आजार होतो असं कुणी म्हणालं की मला राग येतो. मला माहिती होती. त्या माहितीचं मी करायचं काय, हे ठरवणं त्याच्याकडे होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विलासला बोलावलं. तो कारखान्याच्या कपड्यातच आला. मॅडम म्हणाल्या, "तुमची पण तपासणी करून घेऊ." तो बराच वेळ हातातली टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "नको. मला म्हाईत हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. मॅडमनी विचारलं, "कधीपासून?"

"प्राची बालवाडीत हुती तवापासून."

म्हणजे निरोधचं पाकीट मोरीत टाकलं तेव्हा त्याला माहिती होतं. पुण्याच्या फेऱ्या गोळ्यांसाठी होत्या. इथं कुणी ओळखीचं बघेल म्हणून तो पुण्याला जाऊन गोळ्या आणायचा, कारखान्यातल्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि घरी एकही आणायचा नाही. सुट्टीच्या दिवशी गोळी चुकायची, पाळी बदलली की चुकायची. नियमाने घेतल्या असत्या तर मला लागण झाली नसती, हे मला नंतर कळलं, आणि ते पहिल्या बातमीपेक्षा जास्त लागलं.

ताप होता, भांडायला अंगात बळ नव्हतं. फक्त एवढंच विचारलं, "आपल्या प्राचीला?"

तिची तपासणी त्याच आठवड्यात झाली, तोवर मला टीबीच्या वॉर्डात दाखल केलं होतं. निर्मला मॅडमनी मला वॉर्डात येऊन सांगितलं, "मुलगी निगेटिव्ह आहे. स्वच्छ." त्या दिवशी दवाखान्याची डाळ-भाताची थाळी मी पुसून खाल्ली.

* * *

टीबीचा वॉर्ड म्हणजे लांबच लांब खोली आणि कायम उघड्या खिडक्या. सकाळी चहा येण्याआधी गोळ्या यायच्या, मूठभर. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा मला वाटलं रक्तच जातंय, आणि मी संडासातून ओरडत बाहेर आले. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी होती, जामखेडकडची. तिला माझ्या आजाराचं पुरतं माहीत नव्हतं, किंवा असूनही तिने दाखवलं नाही. ती म्हणाली, "अगं, समद्यांचं तसंच हाय. रंगपंचमी समज." मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसले आणि हसताना खोकल्याची उबळ आली.

वाईट दिवस नंतर आले. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन थोडे दिवस झाल्यावर एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या आणि मी बरी होण्याऐवजी खचले. मानेला गाठी आल्या, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, "शरीराची ताकद परत येताना कधी कधी असं होतं, टिकाव धर." टिकाव धर म्हणणं सोपं असतं. मला वाटत होतं, हे सगळं मला धीर द्यायला बोलतायत आणि मी मरणार आहे. प्राचीला वॉर्डात येऊ देत नव्हते. माझी आई तिला बाहेरच्या लिंबाखाली उभी करायची आणि मी खिडकीतून बघायचे. ती तिथूनच मला पाढे म्हणून दाखवायची. मी बोटाने चुकलं-बरोबर खुणावायचे.

सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, एकदाच आल्या. खाटेपासून लांब उभ्या राहिल्या. "आमच्या घरान्यात असलं काई नव्हतं," एवढं म्हणाल्या. विलास शेजारी उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही. आपल्या आईला त्याने तोवर काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी पण सांगितलं नाही. ती खाली घातलेली मान मला त्याच्या सगळ्या खोटेपणापेक्षा जास्त टोचली. त्याच क्षणी माझं ठरलं की बरी झाले की त्या खोलीत परत जायचं नाही.

आणि मी बरी झाले. गाठी बसल्या, भूक लागायला लागली. आईने मला पुणतांब्याला नेलं. आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. ती सकाळी जाताना माझ्या गोळीची डबी आणि पाण्याचा तांब्या देवळीत ठेवून जायची आणि आल्यावर एकच प्रश्न विचारायची, "घेतलीस?" दुसरं काही तिने मला आजवर विचारलेलं नाही. पुढे कोर्टात विलासची आणि माझी फारकत झाली. मी परत मशीन चालवायला लागले. वजन परत आलं. दर महिन्याला नगरला जाऊन गोळ्या आणायच्या, निर्मला मॅडमना भेटायचं, परत यायचं, असं सुरळीत चालू होतं.

* * *

मग एक दिवस माझ्या नणंदेचा, छायाचा, फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती.

"वहिनी, दादाचं लग्न जमवलंय आईनं. पाथर्डीकडची हाय मुलगी. वैशाली नाव. पहिल्या नवऱ्यानं टाकलीय तिला, मूल होत न्हाई म्हनून."

"तिला सांगितलंय का?"

छाया म्हणाली, "आईला आता समदं कळलंय. पन ती म्हनती, गोळ्या घेतोय की तो, काय हुतंय. मला झोप लागंना, म्हनून तुमाला फोन केला."

मी मशीनवरून उठले आणि ओसरीत येरझारा घालायला लागले. मला तिच्या जागी मीच दिसत होते. ती पण एखादे दिवशी पाकीट पुढे ठेवेल आणि तो ते मोरीत टाकेल.

निर्मला मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "सुरेखा, मी विलासचा रिपोर्ट कुणालाच सांगू शकत नाही. कायदा आहे, आणि तो बरोबर आहे. उद्या तुझा रिपोर्ट कुणी सांगितला तर तुला चालेल का? पण तुझं तू स्वतः कुणालाही सांगू शकतेस. त्याला मात्र मी नीट समजावेन, लग्नाआधी बायकोला सांगणं त्याचं काम आहे."

विलासने त्यांना हो म्हटलं आणि सांगितलं नाही. छायाने तसं कळवलं. मग मी आईला म्हणाले, "मी पाथर्डीला जाते."

आई म्हणाली, "गावात समजंल मग. तुझ्याकडं कापड टाकायला कोन येनार न्हाई."

"माहितीये."

ती भाकरी थापत होती. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जा. उन्हाच्या आत पोचशील."

* * *

वैशालीचं घर गावाबाहेर होतं, पत्र्याचं. आई-वडील ऊसतोडीला जाणारे, हंगाम संपवून नुकतेच परतलेले. अंगणात कोयते टेकवून ठेवलेले होते. वैशाली पंचविशीच्या आतली, उंच, रापलेली. मी सांगितलं, "मी विलासची पहिली बायको." तिच्या आईचं तोंड तिथेच कडू झालं.

"काडीमोड झालाय ना तुमचा? मंग आता कशाला आलात?"

मी म्हणाले, "मावशी, मी भांडायला आले नाही. मला एचआयव्ही आहे. मी आयुष्यात एकाच पुरुषाबरोबर राहिले. मला कुणाचा रिपोर्ट सांगता येत नाही, मी माझा सांगतेय. लग्नाआधी दोघांची तपासणी करा, एवढंच सांगायला आले."

मावशी उठून आत गेल्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमी आता जावा." मी चप्पल घातली. रस्त्याला लागले तेवढ्यात मागून वैशाली आली. ती माझ्याबरोबर वाटेवरच्या बाभळीपर्यंत चालत आली. तिथे थांबली.

"ताई, खरं हाय हे?"

"खरं आहे."

"आता मोडलं तर मला दुसरं स्थळ येनार न्हाई. बापानं लई घरं पालथी घातली. आनि भावाच्या संसारात मला ऱ्हायचं न्हाई." ती रडत नव्हती. मातीवर पायाने रेघ ओढत होती. "मला असं सांगा, त्यांच्याशी लगीन करून मला हे हुनार न्हाई, असं माझ्या हातात काय हाय?"

या प्रश्नाला मी तयार नव्हते. मला वाटलं होतं, ती हादरेल आणि लग्न मोडेल, आणि माझं काम संपेल. मी तिला जे माहीत होतं ते सांगितलं. त्याने रोज न चुकता गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की त्याच्यापासून बायकोला लागण होत नाही. ते त्याच्या हातात. निरोध आहे, तो पण त्याच्याच हातात. आजार नसलेल्या बाईने आधीपासून घ्यायची गोळी असते, डॉक्टर लिहून देतात, पण ती सगळ्या सरकारी दवाखान्यांत अजून मिळत नाही.

"आनि फक्त माझ्या हातातलं?"

मी म्हणाले, "तपासणी बघितल्याशिवाय लग्नाला उभी राहायचं नाही, हे आज तुझ्या हातात आहे. बाकीचं मी विचारून सांगते."

तिने माझा नंबर घेतला. परत येताना एसटीत बसून मी तेच घोळवत होते. सगळ्या उपायांचा विचार केला तरी, न मिळणारी ती गोळी सोडली तर प्रत्येकाच्या मध्ये एक पुरुष होता.

* * *

आईचं म्हणणं खरं ठरलं. पाथर्डीहून बातमी पारनेरला गेली आणि तिथून पुणतांब्याला आली. विलासचा फोन आला. "माझा सौंसार उभा राहू देनार न्हाईस तू," तो ओरडत होता. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला खरं सांगून उभा कर. मी आडवी येणार नाही."

माझ्याकडे शिवायला टाकलेली कापडं बायका परत न्यायला आल्या. काही जणींनी पोरांना पाठवलं. एकीने निम्मा शिवलेला ब्लाऊज तसाच नेला. मशीन गप्प झालं. पौर्णिमेला आईने मी तिच्यासाठी शिवलेला नवा निळा ब्लाऊज घातला आणि विहारात वंदनेला गेली. तिथे सगळ्यांच्या मधोमध बसली. परत आल्यावर म्हणाली, "दोघीतिघींनी इच्यारलं, कुनी शिवला. सांगितलं मी." हळूहळू त्यातल्या दोघी आल्या. मग आणखी काही. सगळ्या नाही आल्या.

मी घाबरले नव्हते असं नाही. प्राचीला शाळेत कुणी काही बोललं तर, या विचाराने मला शिवण उसवावी तसं व्हायचं. पण वॉर्डात मरणाची जी भीती बघितली होती, तिच्यापुढे ही सोसण्यासारखी होती.

आणि वैशालीने लग्न मोडलं नाही. तिने निरोप पाठवला, आधी दवाखान्यात भेटायचं, मग तारीख. ती वडिलांना घेऊन नगरला आली. विलासला यावं लागलं. निर्मला मॅडमच्या खोलीत काय झालं ते मला वैशालीनेच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "विलास, तुम्ही सांगा." मग त्याने सांगितलं. सगळं, प्राची बालवाडीत असल्यापासूनचं. वैशालीच्या वडिलांनी उठून जायची तयारी केली. वैशालीने त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि विलासला म्हणाली, "गोळी माझ्या समोर घ्यायची. दर तपासनीला मी संगं येनार. रक्तातलं जंतू दिसंनासं झालं असं मॅडम म्हनतील तवा लगीन. पटत नसंल तर आत्ताच सांगा."

त्याला पटलं. गोळ्याही तो आता नगरलाच घ्यायला लागला, आणि तिथल्या रांगेत त्याने मला एकदा गाठलं. "मला भ्या वाटायचं," तो म्हणाला. "काम जाईल, तू जाशील. सांगायचं राहूनच गेलं." मी त्याला माफ केलं असं इथे लिहिणार नाही, कारण मला ते अजून माहीत नाही. मी एवढंच म्हणाले, "आता गोळी चुकवू नकोस."

त्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला. मग लग्न झालं. त्यानंतरही वैशाली दर तपासणीला स्वतःचं रक्त देते, आणि दर वेळी आम्ही दोघी दवाखान्यासमोरच्या गाड्यावर चहा घेतो. लोकांना हे नातं कळत नाही. मला पण त्याला नाव देता येत नाही. ती मला ताई म्हणते, तेवढं पुरतं.

* * *

तिला मी म्हणाले होते, बाकीचं विचारून सांगते. मी निर्मला मॅडमच्या मागे लागले. बाईने स्वतः वापरायचं, नवऱ्याला विचारावं लागणार नाही, असं काहीच नाही का? त्या म्हणाल्या, "आहे, त्यावर बरीच वर्षं काम चालू आहे. पुण्यात डॉक्टरांची एक बैठक आहे, बायकांचं म्हणणं ऐकायला. येतेस?"

मी वैशालीला बरोबर घेतलं.

खोलीत आम्ही गावागावांतून आलेल्या बायका गोल बसलो होतो. डॉक्टर बाई तरुण होत्या, साध्या बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की आधी एक जेल होतं, मलमासारखं, बाईने योनीत आतून लावायचं. त्यात विषाणूला अडवणारं औषध होतं. पण चाचण्यांमध्ये पाहिजे तेवढा गुण आला नाही, आणि त्याचं एक मोठं कारण हे की अनेक बायकांना ते नियमाने वापरता आलं नाही. त्या म्हणाल्या, "असं का झालं असेल, हे आम्हाला तुमच्याकडून समजून घ्यायचंय."

एक बाई म्हणाली, "ट्यूब ठेवायची कुठं? आमच्या घरात कपाटाला किल्ली सासूची." दुसरी म्हणाली, "वलं लागलं की नवरा इच्यारनार." मी माझ्या एका खोलीबद्दल सांगितलं. तिथे कपडे बदलायचे तरी मोरीचा पडदा ओढावा लागायचा. डॉक्टर बाई मान हलवत लिहून घेत होत्या. त्यांनी हे आधी ऐकलं असावं, पण त्यांनी घाई केली नाही.

मग त्यांनी एक रिंग काढली आणि आमच्यात फिरवली. मऊ, वाकणारी, पांढरट. पोरीच्या बांगडीएवढी. ती बाईने स्वतः आत बसवायची, महिनाभर आत राहते, तिच्यातून औषध थोडं थोडं पाझरत राहतं, आणि महिन्याने नवी घालायची. बाहेरून दिसत नाही. बहुतेक वेळा पुरुषाला जाणवतही नाही. आफ्रिकेतल्या काही देशांत ती मिळायला लागली आहे. आपल्याकडे दवाखान्यात अजून नाही. डॉक्टर बाईंनी हेही स्पष्ट सांगितलं की ती धोका कमी करते, पुरता घालवत नाही, आणि म्हणून याहून चांगलं काहीतरी शोधण्याचं काम थांबलेलं नाही.

रिंग माझ्या हातात आली. मी ती दाबून बघितली, ताणून बघितली. मला काही तिचा उपयोग नव्हता. माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं. तरी ती मला पुढे देववेना. शेजारची बाई वाट बघत होती. मी डॉक्टर बाईंना म्हणाले, "मॅडम, मी ज्या वेळी घरात निरोध पुढे ठेवला, त्या वेळी हे माझ्याजवळ असतं तर मी पुढे ठेवलंच नसतं. भांडण झालं नसतं आणि आजारही कदाचित झाला नसता." रिंग मुठीत धरूनच मी पुढे बोलले. "हे लवकर आणा. वाट बघायला आमच्या बायकांकडे वेळ नसतो. लग्न ठरतं आणि आठवड्यात होतं."

निर्मला मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली.

रिंग वैशालीकडे गेली. तिने ती उजेडात धरून नीट पाहिली. डॉक्टर बाईंनी सगळ्यांना एक प्रश्न टाकला. अशी वस्तू मिळाली, तर नवऱ्याला सांगून वापराल की न सांगता? काही जणी म्हणाल्या, सांगावंच लागेल, नंतर कळलं तर मार बसेल. काही म्हणाल्या, कशाला सांगायचं.

वैशालीची पाळी आली. तिच्या नवऱ्याच्या रक्तात आता विषाणू सापडत नाही, तिला या रिंगची तशी निकड नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने उत्तर दिलं.

"सांगीन की," ती म्हणाली. "पन आधी घालीन, मंग सांगीन."

सगळ्या बायका हसल्या. डॉक्टर बाई पण हसल्या, आणि मग त्यांनी ते वाक्य तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं.